अंधारातली दीर्घायुषी माणसं कशी रचावीत: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कायमच्या अंधारात राहणाऱ्या, जवळजवळ अमर माणसांच्या कादंबऱ्यांचे खर्डे माझ्याकडे अधूनमधून वाचायला येतात. बरेचसे एकाच जागी घसरतात. तिसऱ्या-चौथ्या पानावर कोणीतरी कोणाकडे तरी रोखून पाहतं. पाचव्या पानावर दोन लाखांचं सैन्य निघतं. हे सैन्य खातं काय असं विचारलं की उत्तर येतं, ‘अळंबी.’ दोष भाषेचा किंवा कल्पनाशक्तीचा क्वचितच असतो, क्रमाचा असतो. आधी राजा, देव, शाप आणि युद्ध ठरतं. हवा, अन्न आणि मरण यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. खालचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे.

पूर्वतयारी: चाळीस मिनिटं आणि एक वही

घरातली बिनखिडकीची खोली शोधा. फ्लॅटमध्ये ती बहुधा बाथरूमच असते. दाराखालची फट टॉवेलनं बुजवा, गीझरचा लाल दिवा झाका, मोबाइल आणि घड्याळ बाहेर ठेवा, घरातल्यांना सांगून ठेवा (नाहीतर ऐन वेळी दार ठोठावलं जाईल) आणि आत बसा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, म्हणून दहा मिनिटांत बाहेर येऊ नका. वीस मिनिटांनंतर कुठूनतरी तिरीप जाणवायला लागली तर ती जागा बाद करून दुसरी शोधा.

आत हाताला काम हवं. लसूण सोला, सुटी नाणी मोजा, सदऱ्याची बटणं लावा. चाळीस मिनिटं झाली असं वाटलं की बाहेर या आणि खरे किती वाजले ते वहीत टिपा. हा आकडा पाचव्या टप्प्यात लागेल.

जमलं तर देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी चालून या. वळणं घेत वर चढणाऱ्या त्या भुयारी वाटेत वटवाघळांचा वास आधी येतो आणि पायरी नंतर सापडते. वर्णनात कशाला अग्रक्रम द्यायचा ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

टप्पा १: अंधार कोणता ते ठरवा

‘अंधार’ हा एकच शब्द लिहून पुढे जाऊ नका. कामाचे प्रकार तीन आहेत.

मिट्ट अंधार म्हणजे प्रकाशाचा कणही नाही, खोल गुहेत असतो तसा. अंधुक अंधारात तारे, चमकणारे जीव किंवा तापलेला खडक थोडासा उजेड देतात. लांबलेली रात्र हा तिसरा प्रकार. स्वालबार्डमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, पण चंद्र असतो, बर्फ असतो आणि मुख्य म्हणजे सूर्य परत येणार हे ठाऊक असतं. या तिसऱ्या प्रकारातली माणसं वाट पाहतात. पहिल्या प्रकारातल्यांना कशाची वाट पाहायची हेच माहीत नसतं. दोन्हींची मनं एका कादंबरीत सरमिसळ करून चालत नाहीत.

सावधान: मोठ्ठे डोळे फक्त अंधुक अंधारात उपयोगी. मिट्ट काळोखात मांजर, घुबड आणि तुम्ही सारखेच आंधळे. तुमच्या जगात प्रकाशच नसेल तर ‘घुबडासारखे टपोरे डोळे’ आत्ताच खोडा.

दुसरी चूक चमकणाऱ्या बुरशीची. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर बुरशी चमकते, आणि तिचे फोटो पाहून लोक बुरशीनं उजळलेली नगरं लिहितात. ते फोटो कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवून काढलेले असतात. उघड्या डोळ्यांना, तेही अंधाराला सरावल्यावर, ती चमक जेमतेम कळते. तिच्या उजेडात लाकूड कुठे आहे ते समजेल, समोरच्याचा चेहरा समजणार नाही.

टप्पा २: ऊब, हवा, अन्न, याच क्रमानं

ऊब. सूर्य नाही तर उष्णता कुठून येते याचं एक वाक्यात उत्तर वहीत हवं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या काही विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथलं तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. जमिनीखाली मात्र उलट आहे. उथळ गुहेचं तापमान बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीइतकं राहतं, आणि खोल जाल तसं किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. जागेगणिक हा आकडा बदलतो. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि तळाचा खडक ६० अंशांच्या वर तापलेला होता. म्हणजे तुमच्या नगराला वर आणि खाली, दोन्हीकडे हद्द आहे. श्रीमंत लोक कोणत्या थरात राहतात, याचं उत्तर इथेच मिळतं.

हवा. कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे खोलगट जागी साचतो. आपल्याकडे जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघायची पद्धत होती. ज्योत विझली तर माणूस उतरत नसे. तुमच्या लोकांकडे कंदील नाही. ते काय सोडतात? एखादा प्राणी? गुन्हेगार? या एका प्रश्नावर मी आख्खं प्रकरण उभं राहिलेलं पाहिलं आहे.

अन्न. अळंबी अन्न तयार करत नाही. ती दुसऱ्यानं तयार केलेलं खाते. लाकूड, शेण, प्रेतं असं काहीतरी तिला पुरवावं लागतं, आणि तेही कुठूनतरी यावं लागतं. सूर्याशिवाय चालणारा पाया हवा असेल तर रुमानियातली मोविले गुहा अभ्यासा. १९८६ साली ती सापडली. आतली सगळी जीवसृष्टी गंधकयुक्त वायू आणि मिथेनवर जगणाऱ्या जिवाणूंच्या जोरावर उभी आहे. पाण्यावर जिवाणूंची साय धरते, ती साय बारके जीव खातात आणि त्यांना दुसरे खातात. मात्र या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो, आणि तो शेवटी बाहेरच्या हिरव्या जगातूनच आलेला असतो. तुमचा ग्रह पूर्ण काळोखा असेल तर ऑक्सिजनचं वेगळं कारण शोधा, किंवा ‘इथे जादू आहे’ असं वहीत प्रामाणिकपणे लिहून टाका. जादू एकदाच वापरा. प्रत्येक अडचणीला नवी जादू आली की वाचक हिशेब ठेवणं सोडतो.

तपासणी: असा पाया तुटपुंजा असतो. एका नगरात ५ ते १० हजारांवर माणसं असतील तर टप्पा २ पुन्हा करा.

टप्पा ३: आयुष्य अंधारातूनच काढा

बहुतेक खर्ड्यांत अंधार एका कारणानं असतो आणि दीर्घायुष्य दुसऱ्याच कारणानं, कुठल्यातरी वराने किंवा अमृताने. दोन गोष्टी शेजारी ठेवलेल्या वाटतात. त्या एकाच मुळातून याव्यात, असा माझा आग्रह आहे, आणि निसर्ग त्याला साथ देतो.

स्लोव्हेनिया-क्रोएशियाच्या चुनखडीच्या गुहांत ओल्म नावाचा आंधळा, फिकट उभयचर राहतो. अवघ्या काही ग्रॅमचा हा जीव सरासरी ६८ वर्षं जगतो आणि शंभरीही ओलांडत असावा असा अंदाज आहे. खाण्यावाचून तो वर्षानुवर्षं काढतो. बॉस्निया-हर्झेगोविनातल्या एका ओल्मनं तर सात वर्षं जागा सोडली नव्हती. ग्रीनलँड शार्क थंड, खोल पाण्यात किमान २७२ वर्षं जगतो असं २०१६ साली दाखवलं गेलं. त्याची मादी वयात यायलाच दीडशे वर्षांच्या आसपास लागतात.

यातून साखळी लावा: अंधार, म्हणून अन्न कमी, म्हणून शरीर संथ, म्हणून आयुष्य लांब, म्हणून मुलं क्वचित. साखळी लागली की वाचक ‘का?’ विचारत नाही. फक्त मग संथपणाची किंमतही द्या. हे लोक धावत नसतील. जखम भरायला महिने लागत असतील. भांडण सुरू झाल्यापासून हात उगारेपर्यंत आपलं एक जेवण होत असेल.

टप्पा ४: मरणाचा हिशेब

‘जवळजवळ अमर’ या शब्दांमधला ‘जवळजवळ’ आकड्यात मांडा. म्हातारपण नसलं तरी पडणं, बुडणं, कुबट हवा, बाळंतपण आणि खून राहतातच. वर्षाला हजारातला एक माणूस असा मरतो असं धरा. मग जन्मलेल्यांपैकी निम्मे सुमारे ७०० वर्षांत जातात, शंभरातले ३७ जण हजारी गाठतात आणि ५ जण तीन हजार वर्षांपर्यंत पोचतात. हजारात एकाऐवजी दोनशेत एक मेला, तर सरासरी आयुष्य दोनशे वर्षांवर येतं आणि अमरपणाची हवा गेली.

आता नगर १० हजारांचं धरा. वर्षाला १० मृत्यू, म्हणून लोकसंख्या तोलायची तर जन्मही १०. पंधरा वर्षांखालची मुलं सगळ्या नगरात मिळून दीडशेही भरत नाहीत. बाईला मूल सरासरी पाचशे वर्षांत एक. जन्म वाढू दिले आणि वर्षाला एक टक्का वाढ धरली, तर ७० वर्षांत दुप्पट आणि ७०० वर्षांत हजारपट: १० हजारांचे एक कोटी. खाणार काय?

एवढ्या आकड्यांतून समाज आपोआप बाहेर पडतो. एका लढाईत ५०० माणसं गेली तर ती भरून यायला ५० वर्षांचे सगळे जन्म लागतात, म्हणून लाखांची सैन्यं बाद. पडून मरणं हेच मोठं मरण असल्यामुळे दोर, कठडा आणि पायरी यांची देखभाल करणारा माणूस पुजाऱ्याहून मोठा. दोर कापणं हा खुनापेक्षा वाईट गुन्हा. वारसा जवळजवळ नाहीच. बाप मरायची वाट पाहत बसलेला मुलगा स्वतः सहाशे वर्षांचा.

सावधान: आपले सप्तचिरंजीव इथे नमुना म्हणून चालत नाहीत. जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा घ्या. मर्त्यांच्या गर्दीत एकटा अमर, हे त्याचं दुःख आहे. तुमच्याकडे सगळेच दीर्घायुषी. ‘माझी माणसं गेली आणि मी उरलो’ हे रडगाणं इथे कोणी गाणार नाही. उलट, सातशे वर्षांपूर्वी ज्याच्याशी बिनसलं तो अजून शेजारीच राहतो, ही इथली पंचाईत.

आणखी एक हिशेब जवळजवळ सगळ्यांचा चुकतो. ‘पाच हजार वर्षं अंधारात राहून त्यांचे डोळे गेले.’ डोळे जायला वर्षं नाही, पिढ्या लागतात. तुमच्या लोकांची पिढी ४०० वर्षांची असेल तर पाच हजार वर्षांत फक्त बारा-तेरा पिढ्या झाल्या. एवढ्यात काही जात नाही. एकतर त्यांना काही लाख वर्षं जुनं करा, किंवा त्यांचे डोळे शाबूत पण निरुपयोगी ठेवा. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. मिटल्या डोळ्यांवर बोटं दाबली की रंगीत ठिपके दिसतात. बाहेर प्रकाश असो वा नसो. म्हणजे ज्यांनी कधी उजेड पाहिला नाही त्यांच्याकडेही उजेडासाठी शब्द असेल, आणि ती वस्तू बोटांच्या टोकाशी राहते अशी त्यांची समजूत असेल.

टप्पा ५: कान, हात आणि वेळ

जिभेनं टकटक करून, प्रतिध्वनीवरून वाट काढणारी अंध माणसं खरोखर आहेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७ मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या दहाव्या भागात परत येतो आणि वेगळा ऐकू येतो. हाताच्या अंतरावरची भिंत वेगळा प्रतिध्वनी देत नाही, फक्त आवाजाचा पोत बदलते. हा फरक लेखनात आला की वाचकाला जागा जाणवते. धबधब्याजवळ मात्र हे लोक ठार आंधळे होतात. तुमच्या कथेतली धोक्याची, चोरीची, प्रेमाची भेट धबधब्याकाठीच होईल.

लेखनासाठी उठावाची किंवा गाठींची लिपी लागेल. इंका लोक दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवत. ब्रेलला सहा ठिपके पुरले. ग्रंथालय जड आणि वासाचं असणार. ओलाव्यात दोरा कुजतो, म्हणजे पुन्हा विणणारे लागणार.

वेळेसाठी वहीतला तुमचा आकडा काढा. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण १९६२ साली आल्प्समधल्या गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर बोलावलं तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होता. सेकंदाला एक या वेगानं १२० पर्यंत मोजायला त्याला पाच मिनिटं लागत. माणसाचं आतलं घड्याळ चालतं, पण मोजदाद ढळते. म्हणून नगराला एक सामाईक ठोका हवा: थेंबाचं घटिकापात्र, भरती-ओहोटी, गरम झऱ्याची उसळी. तो ठोका ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सत्ता. राजघराणं सुचत नसेल तर इथून सुरुवात करा.

टप्पा ६: मराठीतला उजेड वेचून काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथली चूक प्रत्येक ओळीत होते. मराठी बोलणारा माणूस सतत ‘बघत’ असतो. करून बघ. चाखून बघ. हुंगून बघ, ऐकून बघ. वाट पाहतो, डोळ्यांत तेल घालून जपतो, डोळ्यांदेखत फसतो. ‘तो येणार नाही असं दिसतंय’ हे वाक्य आंधळाही म्हणतो. (‘पाहुणा’ तेवढा सोडून द्या. तो प्राघूर्णकातून आलाय, पाहण्यातून नाही.)

दिवसाचंही तेच. उजाडलं, मावळलं, तिन्हीसांजा, झुंजूमुंजू हे तर उघड आहेत. पण बाईला ‘दिवस जातात’, बारसं बाराव्याला, तेरावं तेराव्याला, आणि वाढदिवस. ज्यांना दिवसच नाही त्यांच्यात बाई गरोदर आहे हे कसं सांगतात? उत्तर शोधा. त्यातून एक जिवंत वाक्प्रचार मिळेल.

काम असं करा:

१. निवेदक आणि पात्रं वेगळी काढा. निवेदक उजेडातला असेल तर त्याला ‘दिसतंय’ माफ. पात्राच्या तोंडी एकही नको.

२. खर्ड्यात बघ, पाह, दिस, नजर, उजेड, रंग हे शब्द शोधा. प्रत्येकावर खूण करा. लगेच बदलू नका.

३. पर्याय तीन-चारच ठरवा आणि तेच पाळा. ‘करून बघ’ला ‘करून घे’, ‘असं दिसतंय’ला ‘कानावर येतंय’, ‘डोळ्यांदेखत’ला ‘हातातल्या हातात’. सरसकट ‘बघ’च्या जागी ‘ऐक’ टाकू नका. ‘चाखून ऐक’ वाचून हसू येतं.

४. ‘हा, तो, तिकडे’ या शब्दांमागे बोट दाखवणं असतं. त्याऐवजी दिशा द्या. कोकणात खालच्या भागाला खलाटी आणि वरच्या भागाला वलाटी म्हणतात तशी उतारावरून, वाऱ्यावरून, पाण्याच्या आवाजावरून दिशेची नावं पाडा.

५. ‘अंधश्रद्धा’, ‘आंधळा कारभार’, ‘तोंड काळं करणं’ यांचा निकाल लावा. अंधाराला वाईट म्हणणारा शब्द अंधारातल्या माणसाकडे असेल का? त्याच्या शिव्या बहुधा गोंगाटावरून असतील.

नात्यांचे आणि आदराचे शब्दही इथेच ठरवा. आपली नाती पणजी, खापरपणजीपर्यंत जाऊन थांबतात. इथे आजी १८०० वर्षांची आणि नात हजाराची. दोघी एकाच वयाच्या वाटतात. ‘अहो’ कशावरून म्हणायचं? वयावरून ते निघत नाही. मी असतो तर दोर कोणी वळलाय त्यावरून काढलं असतं.

अंधारातले शिष्टाचार आपल्याकडे तयार आहेत, उसने घ्यायची गरज नाही. गावाकडे रात्री वाटेनं येणारा माणूस खाकरतो, म्हणजे दुसरा दचकू नये. आणि रात्री कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये असं म्हातारी माणसं सांगायची. हे दोन्ही नियम पुढे ताणा. न खाकरता जवळ येणं हा हल्ला समजला जाईल. दोनदा हाक मारल्याशिवाय ओळख पटणार नाही.

सावधान: बोली जुनीही ठेवावी लागेल. यादवकाळातली मराठी आज आपल्याला टिपांशिवाय कळत नाही, आणि तुमचं म्हातारं पात्र तेवढ्या जुन्या काळातलं असणार. सगळ्यांना आजची पुणेरी देऊ नका. एका पात्राला दोन-तीन जुने प्रत्यय पुरतात. पानभर दिले की वाचक पळतो.

टप्पा ७: पहिला प्रसंग

आता कुठे लिहायला बसा. पहिला प्रसंग लहान घ्या: कोणीतरी कठड्याचा दोर चाचपतंय आणि एक पदर तुटलेला लागतो. इतिहास सांगू नका, युगं मोजू नका. बाहेरून दिवा घेऊन आलेला पाहुणा पहिल्या शंभर पानांत आणू नका. तो आला की कथा त्याचीच होते आणि तुमची माणसं प्रदर्शनात ठेवल्यासारखी वाटायला लागतात.

प्रत्येक परिच्छेदात एक स्पर्श, एक वास, एक आवाज असा रतीब घालायचीही गरज नाही. सवयीच्या गोष्टी माणूस टिपत नाही. पात्राला भिंत रोजचीच असते. भिंत जागेवर नसेल तेव्हाच तिच्याबद्दल लिहा.

शेवटची तपासणी: दिवे घालवून तो प्रसंग घरातल्या कोणाला तरी तोंडी सांगा. वाचून नाही, सांगा. ऐकणारा ‘हे कोण बोललं?’ किंवा ‘ती कुठे उभी आहे?’ असं जिथे विचारील तिथे बोटानं वहीचा कोपरा दुमडा. दिवा लावल्यावर तेवढीच पानं पुन्हा लिहा.